कोण जाईल, कोण राहील: जुन्या भंडारा जिल्ह्यातली तरुण मुले आणि दलम

गावातले एखादे पोरगे बंदुकीच्या वाटेला लागेल की नाही, हे आधी ओळखता येते का, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. तो विचारणारे तीन होते: ज्यांना पोर हवे होते ते दलम, म्हणजे नक्षलवाद्यांचे सशस्त्र पथक, ज्यांना ते जाऊ द्यायचे नव्हते ते पोलीस आणि ज्यांचे ते होते ते घर. तिघांची मोजमापे वेगळी होती. पुढच्या साडेतीन दशकांत यातले कोणते माप खरे ठरले आणि कोणते चुकले, याचा इतिहास मुख्यतः जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात घडला.

हा पट्टा आज भंडारा जिल्ह्यात नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हे सारे भंडाऱ्यातच होते. त्याही आधी संपूर्ण जिल्ह्यात भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. पश्चिमेला वैनगंगेचे खोरे, धानाच्या बांध्या, कोहळ्यांनी बांधलेले तलाव, तुमसरचा तांदळाचा बाजार, चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणी. पूर्वेला तेंदू आणि मोहाचे रान, गोंडांची वस्ती आणि त्यापलीकडे बालाघाट, राजनांदगावची हद्द. पश्चिमेच्या गावांत मालगुजार होते, पूर्वेच्या रानात जमीनदाऱ्या. १९५१मध्ये दोन्ही गेल्या. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यात आला. मालक बदलला तसा जंगलावरचा हक्क वनखात्याकडे गेला. जळणाची मोळी, मोहफूल, घराला लागणारी बल्ली, रानात चरणारे ढोर या साऱ्यासाठी वनरक्षकाची मर्जी लागू लागली. १९८०च्या वनसंवर्धन कायद्याने रानातल्या शेताचे अतिक्रमण नियमित होण्याची वाट आणखी अरुंद केली. ज्या पिढीतली पोरे पुढे दलमकडे गेली, तिने आपल्या बापाला वनरक्षकापुढे हात जोडून उभे राहिलेले पाहिले होते.

आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्या यांनी २२ एप्रिल १९८० रोजी पीपल्स वॉर गटाची स्थापना केली आणि त्याच वर्षी पाच-सात जणांची छोटी पथके गोदावरी ओलांडून उत्तरेकडे निघाली. त्यांपैकी पेद्दी शंकर हा तरुण २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबिनपेठा येथे पोलिसांच्या गोळीने मेला. महाराष्ट्रातल्या नक्षल चळवळीतला हा पहिला मृत्यू. तेव्हा गडचिरोली जिल्हाही झाला नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपुरातून निघाला. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सुरू झालेली ही हालचाल कुरखेडा, कोरची करत उत्तरेकडे सरकली आणि दशक संपता संपता देवरी, सालेकशाच्या रानात पोचली. तीन राज्यांच्या सीमा जिथे जवळजवळ येतात ती जागा लपायला सोयीची. एका राज्याचे पोलीस मागे लागले की दुसऱ्या राज्यात उतरता येई.

चळवळीने गावात पाय रोवला तो तेंदूपत्त्याच्या भावावर. मे महिन्यात, धानाची कामे नसताना, घरातली सगळी माणसे पहाटे रानात जातात, पाने तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. भंडारा आणि गोंदिया ही विडीच्या धंद्याची जुनी ठाणी, म्हणून पत्त्याला गिऱ्हाईक पक्के होते. मजुरी मात्र ठेकेदार ठरवी. फळीवरचा मुन्शी पुडे मोजताना ‘हा छोटा, हा फाटका’ म्हणत काही बाजूला टाकी. टाकलेल्या पुड्यांचे पैसे मिळत नसत आणि ते पुडे परतही मिळत नसत. दलमने सभा घेऊन भाव वाढवून मागितला, ठेकेदारांना धमकावले आणि मजुरी खरोखर वाढली. त्यानंतर ठेकेदाराकडून खंडणीही सुरू झाली, ती कधी थांबली नाही. पण बारा-चौदा वर्षांच्या पोराने पाहिले ते एवढेच, की ज्या मुन्शीपुढे आई बोलू शकत नव्हती तो मुन्शी दादालोकांपुढे खाली मान घालून उभा आहे. ही आठवण पुढच्या कुठल्याही भाषणापेक्षा खोल रुतली. दलमचे लोक या पट्ट्यात ‘दादा’ म्हणूनच ओळखले गेले.

दुसरा रस्ता गाण्याचा होता, आणि या झाडीपट्टीत तो विशेष सोपा ठरला. दिवाळीनंतर धान कापून घरात आले की या भागात मंडया भरतात. गावोगाव दंडार, खडीगंमत, नाटके होतात, दूरदूरच्या सोयऱ्यांना बोलावणे जाते आणि माणसे घोंगडी पांघरून रात्रभर बसतात. गाणे ऐकायला रात्री गावाबाहेर जाणे ही इथे कुणाच्या डोळ्यावर यावी अशी गोष्ट नाही. दलमचे सांस्कृतिक पथक याच रात्रींच्या रूढीवर उभे राहिले. चेतना नाट्य मंचाची पोरेपोरी गोंडीतून गात, पायात घुंगरू बांधून नाचत, वनरक्षकाची, सावकाराची, पाटलाची सोंगे काढत. शाळेत ज्या भाषेत बोलले की मास्तर ओरडे, ती भाषा इथे कुणीतरी मोठ्या आवाजात, हजार माणसांसमोर बोलत होते. गाणाऱ्या मुली गावातल्याच मुलींच्या वयाच्या असत. ‘आमच्यासंगे येतेस का’ असे कुणी विचारण्याआधीच काहींनी मनात ठरवलेले असे.

यानंतरच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सहा ते बारा वर्षांची मुले बाल संघमात घेतली जात. ती गावात कोण नवा माणूस आला ते सांगत, निरोप पोचवत, घोषणा शिकत. त्यांतली काही पुढे नाट्य मंचात, काही गावच्या मिलिशियात आणि शेवटी काही दलममध्ये जात. सोळा वर्षांखालच्यांना लढाईत घेत नाही, असे नक्षलवाद्यांचे म्हणणे होते. ह्यूमन राइट्स वॉचच्या २००८च्या छत्तीसगडवरील अहवालाने बारा वर्षांवरची मुलेही सशस्त्र कामात ओढली जात असल्याचे नोंदवले. दलमची पारख करण्याची पद्धत इथे लक्षात येते. दलम पोराला एकदम बंदूक देत नसे. आधी चिठ्ठी देई आणि पाही की ती पोचते का, घरी कुणाला सांगतो का, मारले तर तोंड उघडतो का. वर्ष-दोन वर्षे ही तपासणी चाले. पोराला वाटे आपल्यावर विश्वास टाकला जातो आहे. घरच्यांना कळे तेव्हा पोर पुष्कळ पुढे गेलेले असे. मुलांच्या विश्वासाचा असा उपयोग करणे हा या चळवळीचा सर्वांत मोठा अपराध मानला पाहिजे, आणि तेंदूच्या मजुरीतली कितीही वाढ त्याच्या बदल्यात ठेवता येत नाही.

सरकारचे माप सुरुवातीला माणसाचे नव्हते, गावाचे होते. कोणत्या गावात दलम जेवले, कुठे सभा झाली, कुठे पत्रक सापडले, यावरून गावे ‘संवेदनशील’ ठरत आणि गाव ठरले की गावातले प्रत्येक तरुण पोर संशयित होई. १९८७चा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा गडचिरोलीबरोबर भंडारा, चंद्रपूरच्या आदिवासी भागातही वापरला गेला. बंदूक घेऊन दाराशी आलेल्या दहा जणांना भात वाढला म्हणून आत गेलेल्यांची संख्या मोठी होती. वाढले नाही तर दलमच्या लेखी ‘मुखबीर’, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, ठरण्याची भीती, वाढले तर पोलिसांची. दोन्ही बाजूंनी पोराची परीक्षा घेतली जात होती आणि कुठल्याही उत्तराला सुटका नव्हती. मे १९९५मध्ये टाडाची मुदत संपली, पण तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. पोलिसांनी एकदा उचलून नेलेले पोर परत आले तरी गावात पहिल्यासारखे राहात नसे. दलमला त्याच्यावर खबऱ्या झाल्याचा संशय, पोलिसांच्या वहीत त्याचे नाव कायमचे. अशा पोराला रान जवळचे वाटे. म्हणजे संशयाने कधीकधी तोच माणूस घडवला ज्याला शोधायला संशय घेणारा निघाला होता.

२००३ची गावबंदी योजनाही गावालाच एकक मानणारी होती. नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही असा ठराव करणाऱ्या गावाला विकासकामांसाठी तीन लाख रुपये मिळत. ठराव झाले, पैसे आले, काही ठिकाणी रस्ता किंवा समाजमंदिरही झाले. मात्र ठराव मोडला की जाब रात्री येई आणि तो सही करणाऱ्यांकडे मागितला जाई.

जिल्ह्याच्या विभागणीनंतर उरलेल्या भंडाऱ्यात दलमचा वावर फारसा राहिला नाही. तरी तरुणांच्या रागाकडे कसे पाहायचे, हा प्रश्न इथे २००६मध्ये फार कठोरपणे समोर आला. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची जमावाने हत्या केली. बातमी बाहेर यायला आठवडे लागले. नोव्हेंबरमध्ये नागपूर, कामठी, अमरावती, यवतमाळ इथे दलित तरुण रस्त्यावर उतरले, काही ठिकाणी दगडफेक, जाळपोळ झाली. त्या वेळी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असण्याची शक्यता बोलून दाखवली. ज्या जिल्ह्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती, जिथे घटनेच्या मार्गाने जाण्याची परंपरा दोन पिढ्यांची होती, तिथल्या हत्याकांडावरून उठलेला राग जंगलातल्या बंदुकीशी जोडला गेला. सप्टेंबर २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली. जुलै २०१०मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. २००६मध्ये रस्त्यावर आलेले बहुसंख्य तरुण कुठल्याही दलममध्ये गेले नाहीत. राग हे ओढले जाण्याचे लक्षण धरले तर ते माप इथे सपशेल चुकले.

विचाराशी सहानुभूती आणि हिंसेत सहभाग यांतली रेघ कुठे ओढायची, हा वाद न्यायालयांतही चालू राहिला. बंदी घातलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्व गुन्हा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११मध्ये अरूप भुयान प्रकरणात म्हटले. नक्षल संबंधांचा आरोप असलेल्या पुण्याच्या कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१३मध्ये याच धर्तीवर निष्क्रिय आणि सक्रिय सदस्यत्वात फरक केला. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच आपला आधीचा निकाल फिरवला.

पोरे का गेली, याची थेट माहिती सरकारकडे यायला लागली ती २९ ऑगस्ट २००५ रोजी आत्मसमर्पण योजना जाहीर झाल्यानंतर. तोवर जे कळे ते चकमकीनंतर सापडलेल्या वह्यांतून किंवा कोठडीतल्या जबाबांतून. आता माणसे स्वतः येऊन बोलू लागली. एकट्या गडचिरोलीत सहाशेहून अधिक जण परतले, आणि गोंदियाच्या बाजूनेही लोक आले. त्यांच्या सांगण्यात वर्गसंघर्षाची भाषा क्वचित असते. गाण्यांची आवड होती, वर्दीची हौस होती. घरच्यांनी मनाविरुद्ध लग्न ठरवले म्हणून एक मुलगी रात्री निघून गेली. बापाने मारले म्हणून कुणी गेला. भावाला पोलिसांनी नेले म्हणून कुणी गेला. कुणाला घरटी एक मूल द्या म्हणून नेले. परतण्याची कारणेही तितकीच घरगुती: आजार, लग्न करायला परवानगी पण मूल होऊ द्यायला नाही, आईचा मृत्यू कळला तो वर्षाने. यात मुलींचा भाग मोठा आहे आणि तो पुष्कळ काळ कुणी नीट पाहिला नाही. ज्या घरात मुलीला आपल्या लग्नावर बोलता येत नव्हते, तिथे दलम हा बोलता येण्याचा एक रस्ता दिसत होता. तिथेही बोलता येत नाही हे नंतर कळे.

या जबाबांवरून यादी करण्याचा मोह होतो: शाळा सुटलेला, गरीब, घरात भांडण, गाण्याची आवड. अशी यादी करण्याचे प्रयत्न इतर देशांतही झाले. इंग्लंडच्या तुरुंगांत २०११मध्ये दहशतवादाकडचा कल मोजणारे बावीस मुद्द्यांचे एक मापक आले. माणूस कितपत गुंतला आहे, त्याचा इरादा काय आणि त्याच्या हातून काय होऊ शकते, अशा तीन भागांत ते मांडलेले होते. तेच मुद्दे पुढे शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी वापरले गेले आणि २०१५च्या कायद्याने अशा पोरांकडे लक्ष ठेवणे शिक्षकांचे कर्तव्य झाले. त्यावरचा मुख्य आक्षेप असा, की मापक शिक्षा झालेल्या कैद्यांचा अभ्यास करून बनवले आणि लावले मात्र ज्यांनी काहीच केलेले नाही अशा मुलांना. देवरी, सालेकशाच्या जबाबांनाही हाच आक्षेप लागू पडतो. ते गेलेल्यांचे जबाब आहेत. त्याच गावात, तितक्याच गरिबीत, तितक्याच मारकुट्या बापाच्या हाताखाली वाढलेली आणि न गेलेली पोरे शेकड्यांनी होती. त्यांना कुणी काही विचारले नाही. शाळा सुटली म्हणून पोर दलममध्ये जाते असे म्हटले, तर या पट्ट्यातली अर्धी पिढी जंगलात असायला हवी होती. गरिबीचे माप दुसऱ्या टोकालाही तुटते. मे २०१४मध्ये दहशतवादी संघटनेत सामील व्हायला इराकला गेलेल्या कल्याणच्या चार तरुणांत अभियांत्रिकी शिकणारे होते. त्यानंतर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने घरचे लोक आणि मौलवी यांना सोबत घेऊन तरुणांचे समुपदेशन सुरू केले.

न गेलेल्यांबद्दल जे दिसते ते असे, की त्यांच्या भोवती कुणीतरी एक मोठे माणूस होते ज्याला तक्रार सांगता येत होती आणि जे त्यावर काही करू शकत होते. कधी आश्रमशाळेतला मास्तर, कधी मामा, कधी गावचा भूमक किंवा पाटील. वनरक्षकाने कुऱ्हाड हिसकावून घेतली तर ती परत आणून देणारे माणूस गावात आहे की नाही, हे पोराच्या विचारसरणीपेक्षा जास्त निर्णायक ठरे. दलमला हे पोलिसांच्या आधी समजले होते. ज्या गावात असे माणूस होते, तिथे त्याने पहिला दबाव त्याच माणसावर आणला.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सतरा-अठरा वर्षांचा, रानाची प्रत्येक पायवाट माहीत असलेला, रात्रभर चालू शकणारा, गोंडी-मराठी-छत्तीसगडी तिन्ही बोलणारा पोर दलमला हवा होता. गडचिरोलीत १९९०मध्ये पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी सी-६० हे नक्षलविरोधी पथक उभे केले तेव्हा त्यांनाही नेमका तोच पोर हवा होता. पुढे पोलीस भरतीत स्थानिक आदिवासी तरुणांना जागा मिळू लागल्या आणि पहाटे डांबरी रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी पोरे हे या भागातले ओळखीचे दृश्य झाले. एकाच टोल्यावरचा एक भाऊ वर्दीत आणि चुलतभाऊ जंगलात, अशी घरे झाली. दोघांच्या लहानपणात फरक शोधायला गेले तर तो स्वभावाचा कमी आणि गाठ कुणाशी आधी पडली याचाच जास्त निघतो.

कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना यातून वेगळे काढले ते उशिरा. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ८३ने मुलांना सशस्त्र गटात भरती करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड ठेवला. भरती झालेले मूल हे या कलमात गुन्ह्याचे बळी आहे. टाडाच्या काळातल्या नजरेशी हे ताडून पाहिले म्हणजे किती अंतर कापले गेले ते कळते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या पट्ट्यातली ओढ कमी होत गेली. रस्ते आणि मोबाइल आले. मंडईत आता ऑर्केस्ट्राही असतो आणि नागपूर, हैदराबादला कामाला जाणाऱ्या पोरांच्या टोळ्या रोवणी आटोपली की निघतात. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर, मेंढा-लेखा या गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवल्यावर, गडचिरोली आणि गोंदियातल्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. तिथे फळीवरची वही गावचेच शिकलेले पोर लिहिते आणि पुडा बाजूला टाकायचा की नाही हे ग्रामसभा ठरवते. पोलिसांनीही भाषा बदलली. दाखले, योजना, भरतीची माहिती ठाण्यातच देणाऱ्या खिडकीला गडचिरोली पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ असे गोंडी नाव दिले, दादाची खिडकी. ज्या नात्याच्या शब्दावर दलमने तीस वर्षांपूर्वी गाव जोडले होते, तोच शब्द ठाण्याच्या दारावर आला.

एप्रिल २०१८मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त जिल्ह्यांची यादी १२६वरून ९०वर आणली तेव्हाही गोंदिया तीत होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरचा नक्षल विभाग उभारणारा नेता मिलिंद तेलतुंबडे १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीतल्या चकमकीत मारला गेला. ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षलवाद्यांच्या केंद्रीय समितीतला भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी या सीमाविभागाचा प्रवक्ता अनंत आणि त्याच्यासोबतच्या दहा जणांनी गोंदियात शस्त्रे खाली ठेवली.